काट्याला बहुमत

कोणत्याही रोगावर औषध शोधायचं तर ते नेमकं कुणावर सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. हे सत्य ज्यांना उमगलं त्यांच्या संस्था उभ्या राहिल्या. ज्यांना उमगलं नाही ते बिचारे औषध शोधून मोकळे झाले.

आमची संस्था पहिल्या प्रकारातली आहे. कोरोना विषाणूचा कोणता भाग बंद पाडला असता त्याचा सगळा कारभार थांबेल, एवढंच शोधायचं, हे आमचं काम. अशा भागाला आमच्यात 'लक्ष्य' म्हणतात. लक्ष्य शोधायचं खाली आणि औषध शोधायचं वरच्या मजल्यावर, अशी सुटसुटीत विभागणी आहे. (वरचा मजला अजून बांधलेला नाही. लक्ष्य ठरल्याशिवाय तिथे किती खोल्या लागतील हे सांगता येत नाही, असं बांधकाम विभागाचं म्हणणं आहे आणि ते बिनतोड आहे. जिना मात्र तयार आहे. दुपारी लोक त्यावर बसून फोनवर बोलतात.)

या संस्थेच्या लक्ष्यनिश्चिती समितीचा मी सचिव. माझं शास्त्राचं शिक्षण शाळेत बेडकापाशी थांबलं, त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेऊ शकत नाही, हे माझं मोठंच बलस्थान असल्याचं संचालकांनी नेमणुकीच्या दिवशी सांगितलं होतं. सभा बोलावणं, सभेत जे झालं ते लिहिणं आणि जे झालं नाही ते अधिक चांगल्या भाषेत लिहिणं, अशी माझी कामं. ती मी मनापासून करतो.

तर विषाणू. दिसायला एवढासा, पण त्याचे भाग मोजायला गेलं तर पंचवीस-तीसच्या घरात जातात. सुरुवातीला आमचे यच्चयावत शास्त्रज्ञ काट्याच्या मागे लागले. काटा म्हणजे विषाणूच्या अंगावर बाहेर उभी असलेली ती टोकं. त्यांच्याच जोरावर तो आपल्या पेशीला चिकटतो. काटा देखणा आहे, फोटोत उठून दिसतो, कोणत्याही कोनातून काढा. पोटातल्या भागांकडे मग कुणी ढुंकून बघेना. तेव्हा संचालकांनी पालकत्व योजना आणली. प्रत्येक भागाला एक शास्त्रज्ञ पालक म्हणून नेमला. पालकाने आपल्या भागाचा अभ्यास करावा, त्याची हालहवाल समितीला कळवावी आणि समितीत त्याची बाजू मांडावी, असं परिपत्रक निघालं.

शेवटचं कलम संचालकांनी जरा घाईत घातलं होतं. गाडी खाली उभी होती. पण संस्थेचा पुढचा सगळा नावलौकिक त्या एका कलमावर उभा आहे.

कारण असं की, माणूस उठून रोज ज्याचं तोंड बघतो त्याच्यात त्याचा जीव गुंततो. वेष्टनबाईंचंच घ्या. विषाणूच्या वेष्टनातल्या एका चिमुकल्या भागाच्या त्या पालक. पहिल्या महिन्यात त्या 'हा भाग' म्हणत, दुसऱ्या महिन्यात 'आमचा भाग' म्हणू लागल्या आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांनी त्याचा वाढदिवस केला. (केक सगळ्यांना मिळाला. चांगला होता.) विषाणूच्या नकला काढणारा एक भाग असतो, त्याचे पालक नक्कलवाले. ते त्याच्या कष्टाळूपणाचं वर्णन करताना चष्मा काढून डोळे पुसत. 'इतकं काम करतो, पण कधी तक्रार नाही,' असं ते स्वतःच्या मुलाकडे बघून म्हणायचे, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं.

अशा वातावरणात 'यातल्या कुणाला तरी बंद पाडायचं आहे' हा विषय काढायचा म्हणजे फार नाजूक काम. मी तो काढला की पालकसभेत मारकुट्या मुलाचा विषय निघावा तसं व्हायचं. 'आमचा असं करणारच नाही' म्हणत जो तो शेजारच्याकडे बघायचा. नक्कलवाले म्हणायचे वेष्टन बघा, वेष्टनबाई म्हणायच्या नक्कल बघा. समितीच्या एकूण वेळाची आकडेवारी विभागाने केलेली वाटणी अशी आहे: आपल्या भागाचं कौतुक, निम्मा वेळ. दुसऱ्याच्या भागाचे अवगुण, पाव वेळ. खुर्च्या पुढेमागे करणं, उरलेला सगळा वेळ. लक्ष्याची निवड कोणत्या वेळात झाली, याचा रकाना कोरा आहे, पण तो आहे. आमच्यात रकाना कधी गाळत नाहीत.

या इतक्या सुसंस्कृत माणसांत एकच बाई अशी होती, जी स्वतःच्याच भागाला मारा म्हणून समितीच्या मागे लागली होती. सांगायला संकोच वाटतो, पण ती माझी मेहुणी.

मेहुणीबाईंची खोली तळघरात, पाण्याच्या पंपाला लागून. पंप सुरू झाला की त्या बोलायच्या थांबतात आणि बंद झाला की तोडलेल्या शब्दापासून पुढे बोलू लागतात. ही सवय त्यांना घरीही आहे. त्यांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे कात्री. त्यांनी मला जे समजावलं ते असं: विषाणू पेशीत शिरतो आणि आपले बरेचसे कामकरी भाग तिथल्या यंत्रणेकडून एकाच लांबलचक पट्टीत, एकाला एक जोडून, करून घेतो. मग ही कात्री ती पट्टी ठरलेल्या जागी कापते आणि भाग सुटे होतात. सुटे झाले की कामाला लागतात.

"आणि कात्री चाललीच नाही तर?" मी विचारलं होतं.

"तर पट्टी तशीच पडून राहील, भाऊजी. सगळे हजर, पण कुणालाच काही करता येत नाही."

"म्हणजे आमच्या समितीसारखं," मी अभिमानाने म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पंप सुरू झाला.

मेहुणीबाईंनी कात्रीचा नुसता अभ्यास केला नाही. जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न विचारता, त्यांनी कात्रीच्या दोन पात्यांमध्ये बरोब्बर अडकून बसेल असा एक पदार्थही शोधला. पांढरी पावडर. काचेच्या बशीतल्या पेशींवर टाकली तर विषाणू गप्प बसतो, असं त्या म्हणतात. आता ती पावडर बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची, तिथे ती प्राण्यांवर आणि पुढे माणसांवर तपासायची. पण कात्री हे अधिकृत लक्ष्य ठरल्याशिवाय पावडर संस्थेच्या फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. पावडर एका शीतकपाटात होती. कपाट तळघरात होतं. किल्ली मेहुणीबाईंच्या गळ्यात होती. मेहुणीबाई समितीच्या दारात होत्या.

आणि त्यांना घाई होती, कारण सासूबाई.

सासूबाई म्हणजे मेहुणीबाईंची आणि माझ्या बायकोची आई. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून आणि तोडून दिल्यामुळे त्यांना निरोप घ्यायची सवयच नाही. त्यांचं सांगून झालं की फोन बंद. त्या आमच्याकडे राहतात. सांध्यांसाठी त्यांना ज्या गोळ्या चालू आहेत त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार निजवून ठेवली आहे. (लस त्यांनी घेतली. लस हे समोरच्या इमारतीचं काम. त्या लोकांनी कुठलीही समिती न नेमता थेट काट्यावर लस केली, आणि ती पुष्कळांना लागूही पडली. आम्ही त्यांच्याशी आता चहापुरतेच बोलतो.) सासूबाईंच्या अंगात मात्र ती लस धरली नाही. 'या रोगावर चांगलं औषध हाताशी येईपर्यंत गर्दीत जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही,' असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत आहेत आणि दार बंद आहे.

त्यांचं बाहेर तसं काही फार मोठं काम अडलेलं नाही. शिंप्याच्या दुकानासमोर एक बाक आहे. त्यावर त्या आणि त्यांची एक मैत्रीण रोज संध्याकाळी बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यातली खोट काढायच्या. एवढंच. मैत्रीण आता एकटीच बसते. ती सासूबाईंपेक्षाही मोठी आहे आणि तिला फोनवर ऐकू येत नाही.

मेहुणीबाईंना तो बाक हवा होता. माझी आई बाकावर, बाकी तुमचं काय ते चालू द्या, एवढीच त्यांची मागणी, फक्त त्या ती शास्त्रीय भाषेत मांडत असत.

ज्या सभेत हा विषय शेवटी निघाला, ती सभा संस्थेच्या इतिहासात नमुनेदार मानली जाते. सभागृहाच्या खिडक्या नेहमीप्रमाणे बंद होत्या. वाऱ्याने कागद उडतात. मेहुणीबाई दर सभेला 'निदान एक तरी खिडकी उघडा' म्हणत आणि दर सभेला मी त्यांची सूचना सन्मानपूर्वक नोंदवत असे. त्या दिवशी नक्कलवाले खोकत होते. घसा बसलाय, एवढंच, असं त्यांनी सगळ्यांच्या जवळ जाऊन सांगितलं.

मेहुणीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कात्रीला लक्ष्य ठरवा. ती बंद करता येते, मी करून दाखवलंय."

सभेत चुळबुळ झाली. वेष्टनबाईंनी पदर तोंडाला लावला. "स्वतःच्या भागाबद्दल कुणी असं बोलतं का हो?" त्या म्हणाल्या. "काही झालं तरी तुम्ही त्याच्या पालक आहात."

"मी त्याची आई नाहीये," मेहुणीबाई म्हणाल्या. "मी ज्यांची मुलगी आहे त्या घरात कोंडून बसल्यात."

हे वाक्य मी 'काही वैयक्तिक बाबींचा उल्लेख झाला' असं लिहून घेतलं.

मग काटेवाले सर बोलायला उठले. हे काट्याचे पालक. त्यांच्या टायवर बारीक काटे छापलेले असतात आणि फाटकावरचा मोठा लाल काटेरी फुगा, ज्याला लहान मुलं घाबरतात, त्यांनीच बसवून घेतला आहे. त्यांचा आवाज भरदार आहे. "मॅडम," ते म्हणाले, "तुमची ही कात्री कितपत बदलते?"

"जवळजवळ नाही. इथे जशी, तशीच विषाणूच्या दुसऱ्या भावंडांतही आहे. ती फार बदलली तर पट्टी कापली जाणार नाही आणि विषाणूचंच चालणार नाही. म्हणून तर ती चांगली आहे!"

"म्हणजे एकदा का तिच्यावर औषध सापडलं..."

"की सापडलं."

"आणि मग?"

"मग काय? मग संपलं."

संचालकांनी हातातला कप बशीत ठेवला. "संपलं म्हणजे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला पहिल्यांदाच कुणी मरणाबद्दल सांगावं, तसा तो आवाज होता.

मेहुणीबाईंना प्रश्नच कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शास्त्रज्ञांचं हे असं होतं. मी खुणेने त्यांना भिंतीवरच्या बोर्डाकडे बघायला सांगितलं. त्यावर संस्थेचं ब्रीद आहे: 'शोध अखंड.' तरी त्यांच्या लक्षात येईना.

काटेवाले सरांनी मग फार समंजसपणे उलगडून सांगितलं. काटा बदलतो. आज त्याच्यावर काही बेतावं, तर उद्या तो थोडा वेगळाच होऊन समोर उभा. मग नवा अभ्यास, नवी सभा, नवा फोटो. यालाच जिवंत विषय म्हणतात. शिवाय आपण सगळे पालक आहोत. कुणाच्याही भागाला कायमची इजा व्हावी असं कुणाच्याच मनात नसणार. काट्याला लक्ष्य केलं तर त्याचा मानही राहतो आणि तो निसटतोही. "लक्ष्य असावं तर असं," ते म्हणाले. वेष्टनबाईंचे डोळे भरून आले. त्यांना हा तोडगा मनापासून पटला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"आणि माणसं?" मेहुणीबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मी विषयाबाहेरचा म्हणून नोंदवला, कारण माणसं हा विषाणूचा भाग नाही.

मात्र आमचे संचालक मनाने मऊ. त्यांना कुणी रडवेलं झालेलं बघवत नाही. ते म्हणाले, "असं करू. आपण कशाला ठरवायचं? लोकांसाठी काम करतो ना आपण? लोकांनाच विचारू." टाळ्या पडल्या. नक्कलवाले टाळ्या वाजवताना इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग संचालकांनी सर्वांसमक्ष शब्द दिला: कात्रीला एक जरी वैध मत पडलं, तरी तिचं नाव लक्ष्यांच्या यादीत राहील आणि मेहुणीबाईंची पावडर तपासणीला बाहेर जाईल. एकही मत पडलं नाही, तर कात्री कायमची बाद आणि शीतकपाट रिकामं करून काटे विभागाला. (त्यांना ते समारंभाचे पुष्पगुच्छ ताजे ठेवायला हवं होतं. आधीचं लहान पडतं.)

मेहुणीबाईंचा चेहरा उजळला. "एकच मत?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. "अख्ख्या जगातून एक?"

"एकच," संचालक म्हणाले.

मतदान कसं घ्यायचं हे आकडेवारी विभागाने ठरवलं आणि ते इतकं निर्दोष आहे की त्याचं वर्णन केल्यावाचून राहवत नाही. कागद नाही, शाई नाही, रांग नाही. मतदाराला आधी काटा आणि कात्री या दोन्ही उमेदवारांची माहिती द्यायची, त्याला विचार करायला हवा तेवढा वेळ द्यायचा, आणि मग डोळे मिटून रोगाचं नाव घ्यायला सांगायचं. मनात जे पहिलं चित्र उभं राहील ते त्याचं मत. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण डोळ्यांसमोर काय यावं हे त्याच्या हातात नसतं, असं आकडेवाल्यांचं म्हणणं.

कात्रीचं छायाचित्र मेहुणीबाईंनी दिलं. अणू-रेणूंच्या पातळीवर ती खरी कशी दिसते ते. लोकरीच्या गुंड्यावर मांजर येऊन झोपून गेलं तर तो जसा दिसेल, तशी ती दिसते. फोटो विभाग म्हणाला, मॅडम, निदान एक खरी कात्री काढून देतो, चकचकीत, लोकांना कळेल तरी. मेहुणीबाई म्हणाल्या, ती अशी दिसत नाही. मग तिला थोडा रंग? त्यांनी करडा चालेल म्हटलं. इतक्या हट्टी उमेदवाराचा प्रचार मी याआधी पाहिलेला नव्हता.

इकडे नक्कलवाल्यांचा घसा काय होता ते दोन दिवसांत कळलं. पाठोपाठ वेष्टनबाई पडल्या, मग काटेवाले सर, मग संचालक, मग मी. लक्ष्य शोधण्याच्या बाबतीत विषाणूने आमच्यापेक्षा जास्त तडफ दाखवली हे मान्य केलं पाहिजे. त्याने ना आमचे भाग वाटून घेतले, ना कुणाची बाजू ऐकून घेतली. समितीच्या एकाही सभेला तो गैरहजर नव्हता, आणि काटेवाले सरांचं फाटकावरच्या फुग्याच्या उद्‌घाटनाचं अख्खं भाषण त्याने बसून ऐकलं असावं. सगळे बरे झाले, पण संचालकांना अजून केकची चव लागत नाही.

बायकोने मला दारातच ओळखलं. "आत यायचं नाही," ती म्हणाली. "आईच्या दाराच्या आसपास फिरकलात तर याद राखा. पुढच्या खोलीत बसा, खिडकी उघडी ठेवा, काय हवं ते फोनवर मागा." मग सोफ्यावर पांघरूण फेकलं आणि मधलं दार ओढून घेतलं.

अशा रीतीने मी पुढच्या खोलीत आणि सासूबाई आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत. माझा खोकला त्यांना ऐकू जात होता. पहिल्याच दुपारी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुम्हाला कुठे मिळाला हा?"

"समितीत."

"कसली समिती?"

"कोरोनावर उपाय शोधायची."

भिंतीतून हसू ऐकू आलं. फोनमधून थोडं उशिरा आलं. "खिडकी उघडी होती का?" त्यांनी विचारलं.

"कागद उडतात," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवून दिला.

आजारी असलो तरी कर्तव्य चुकवणारा मी नव्हे. सोफ्यावर पडल्या पडल्या मी मतदान घेतलं. यादीतल्या एकेकाला फोन लावायचा, माहिती द्यायची, फोटो पाठवायचे, वेळ द्यायचा आणि मग म्हणायचं, मिटा डोळे. लोकांनी उत्तम सहकार्य केलं. दुधाच्या गाडीवाल्याला काटे दिसले. शाळेच्या मुख्याध्यापिकेला काटे दिसले. एका निवृत्त न्यायाधीशांनी दोन्ही बाजू दोन दिवस तोलल्या, कात्रीच्या बाजूने तासभर बोलले, माझे कान तृप्त झाले, आणि मग डोळे मिटले तर त्यांना काटेच दिसले. एका गृहस्थांना त्यांच्या बायकोचे वडील दिसले. ते मत बाद करावं लागलं, पण कारण विचारायचा मोह मला फार झाला.

काटेवाल्यांच्या बाजूने कोणताही गैरप्रकार झाला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्याची गरजच पडली नाही. प्रत्येक बातमीत, प्रत्येक फलकावर, औषधाच्या दुकानाच्या काचेवर, लिफ्टमध्ये बटणांच्या वर, सगळीकडे तो लाल गोळा लोकांनी इतकी वर्षं पाहिलेला. प्रचार आधीच झालेला होता.

मेहुणीबाई रोज संध्याकाळी खिडकीखाली, रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या. "काय झालं, भाऊजी?"

"अजून नाही."

"एक पण नाही?"

"तुम्ही स्वतः का देत नाही? तुम्हालाही मत आहे."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या उभ्या उभ्या डोळे मिटून 'कोरोना' म्हणाल्या. पायाजवळून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "काय दिसलं?" सात वर्षं रोज कात्री बघणारी बाई. मान खाली घालून म्हणाल्या, "लिहा. काटे."

त्या वेळी मला फार वाईट वाटलं. मी सचिव आहे, मला वाईट वाटून चालत नाही, पण वाटलं. मग मीही डोळे मिटले. आधी कात्रीचा तो करडा फोटो समोर धरून बराच वेळ पाठ केला, इतका की गुंड्यातलं एकेक वळण मला ओळखीचं झालं. डोळे मिटले, रोगाचं नाव घेतलं. लाल. गोल. काटे. वर पुन्हा थोडा चकाकणारा.

"भाऊजी, एक मत तुम्ही तसंच लिहून टाकलंत तर?" मेहुणीबाईंनी खालून हळूच विचारलं.

मी त्यांना स्पष्ट नकार दिला. नियम म्हणजे नियम. शिवाय माझे संचालक नुकतेच आजारातून उठले होते, आणि 'संपलं' हा शब्द त्यांना पुन्हा ऐकवणं माणुसकीला धरून झालं नसतं.

घरातली दोन मतं राहिली होती. बायकोला डोळे मिटल्यावर मी सोफ्यावर लोळताना दिसलो. बाद. मग सासूबाईंना फोन लावला. त्यांना कात्रीची सगळी माहिती होती, लेकीने दिलेली. कपाटात काय आहे तेही ठाऊक होतं. आपल्या एका मतावर काय अवलंबून आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं. मला खात्री होती की हे मत पडणार.

"मिटले डोळे," त्या म्हणाल्या. "कोरोना."

"काय दिसलं?"

"दार."

"कसलं दार?"

"हे. या खोलीचं. आतून दिसतं तसं." मग त्या म्हणाल्या, "कडीपाशी रंग उडालाय. देऊन घ्या कधीतरी."

मी नियम पुन्हा वाचून पाहिले. पुढून पाहिले, मागून पाहिले. दार हा विषाणूचा भाग नाही. मत बाद. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, पण फोन केव्हाच बंद झाला होता. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकीतून शिंप्याचं दुकान दिसतं. समोरच्या बाकावर त्यांची मैत्रीण एका टोकाला बसली होती, दुसरं टोक मोकळं ठेवून. समोरून जाणाऱ्या एका माणसाच्या चालण्यात काहीतरी खोट होती, हे मलाही दिसत होतं. ती ते कुणाला तरी सांगायला वळली आणि मग पुन्हा समोर बघू लागली.

तर अशी सद्यःस्थिती आहे. काट्याला प्रचंड बहुमत आहे. कात्रीच्या नावावर अजून एकही मत नाही. तळघरात काटे विभागाचे लोक शीतकपाटाची मापं घेऊन गेलेत. फुलं मागवलेली आहेत. मात्र मतदान अजून बंद झालेलं नाही, कारण यादीत एक मतदार शिल्लक आहे आणि तो आल्याशिवाय निकाल लावू नये असा आमचा दंडक आहे.

ते मतदार आपण. आपल्याला दोन्ही उमेदवारांची माहिती इथवर देऊन झाली आहे, आणि ती एखाद्या न्यायाधीशाला मिळाली नसेल इतकी सविस्तर दिली आहे. सासूबाई माहीत आहेत, बाक माहीत आहे. हवा तेवढा वेळ घ्या. मग डोळे मिटा आणि रोगाचं नाव घ्या.

घेतलंत?

नाही, नाही, आता घाईघाईने कात्री आठवू नका. पहिलं दिसलं तेच धरतात.

ठीक आहे. मी काही म्हणत नाही, सगळ्यांचं तसंच होतं. मत नोंदवून घेतलं आहे. आता एवढं एक काम करा: आतल्या खोलीचा फोन मी लावून देतो, निकाल तुम्ही सांगा. त्या मध्येच फोन ठेवून देतील. मनाला लावून घेऊ नका, त्यांची सवयच आहे तशी.